अवयवाकडून पेशीकडे

शालेय पाठ्यपुस्तकात मानवी शरीराची ओळख एका ठरावीक क्रमाने करून दिली जाते. आधी पेशी, मग पेशींच्या समूहाने बनलेल्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था आणि शेवटी माणूस. हा क्रम शिकायला सोपा आहे. इतिहास मात्र उलट दिशेने चालला. अवयव आधी हाती आले, ऊतींचा विचार पुष्कळ नंतर झाला आणि पेशी सर्वांत शेवटी उमगली. या वाटेवर माणसाचे खरे गुरू होते ते मृतदेह, आणि त्यांतील बहुतेकांना कोणी विचारलेही नव्हते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवपरीक्षेची रीत दिली आहे. प्रेत गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, संथ प्रवाहात सात रात्री कुजू द्यावे आणि मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने हलके हलके खरवडीत त्वचेपासून आतले सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत. याच ग्रंथात हाडे ३०० सांगितली आहेत. आज प्रौढ माणसाची २०६ मोजतात. सुश्रुताने दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्यामुळे हा आकडा वाढला. पेशी मात्र त्याने ५०० सांगितल्या, हे वाचून आजचा विद्यार्थी बुचकळ्यात पडेल. त्या ग्रंथात पेशी म्हणजे मांसाचा स्नायू. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या घटकाला मराठीने हा जुना शब्द पुढे बहाल केला.

युरोपात तेराशे वर्षे गॅलेनचा शब्द प्रमाण होता. दुसऱ्या शतकातल्या या थोर वैद्याने माकडे, डुकरे चिरून पाहिली आणि तेथे जे दिसले ते माणसाच्या माथी मारले. खालचा जबडा दोन हाडांचा, उरोस्थी सात तुकड्यांची, असे पिढ्यान्‌पिढ्या पढवले गेले. पुढे विद्यापीठांत माणसाचे शवविच्छेदन सुरू झाले तरी प्राध्यापक उच्चासनावरून ग्रंथ वाचीत आणि सुरी दुसऱ्याच्या हाती असे. पादुआच्या व्हेसॅलियसने सुरी स्वतःच्या हाती घेतली. तरुणपणी लूव्हाँ गावाबाहेरच्या फाशीच्या खांबावरून त्याने एका गुन्हेगाराचा सांगाडा पळवून आणला होता. पुढे न्यायाधीशाच्या कृपेने फाशी गेलेल्यांची प्रेते त्याला मिळू लागली. १५४३ मध्ये त्याचा सचित्र महाग्रंथ बाझेल येथे छापला गेला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. जबडा एकाच हाडाचा आहे, हे सांगायला इतकी शतके लागली!

अवयवाच्या आत काय आहे, हा पुढचा प्रश्न. पॅरिसच्या बिशाने सूक्ष्मदर्शकावर भरवसा न ठेवता प्रेतांतील भाग शिजवून, वाळवून, आम्लात भिजवून पाहिले आणि शरीर २१ प्रकारच्या ऊतींनी विणलेले आहे असे मांडले. १८०१ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वारला. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात रिकाम्या कोठड्या पाहिल्या त्या १६६५ मध्ये. पण वनस्पतींप्रमाणे प्राण्यांचे शरीरही पेशींचेच आहे, हे श्वानने १८३९ मध्ये मांडले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते आणि रोगाचे मूळही पेशीत शोधावे, हा विचार विर्खोने १८५८ च्या ग्रंथात ठामपणे रुजवला.

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली? एडिंबरोत १८२८ मध्ये बर्क आणि हेअर यांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते विच्छेदनासाठी विकल्याचे उघडकीस आले. १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने चोरटा व्यापार थांबला, पण विच्छेदनाच्या मेजावर येऊ लागले ते अनाथालयांत मेलेले बेवारस गरीब. आपल्याकडे कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये जातिनिर्बंध झुगारून शवाला सुरी लावली. पणजीत १८४२ मध्ये आणि मुंबईत १८४५ मध्ये वैद्यकीय शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानेही मुख्यतः बेवारस प्रेतांचीच तरतूद केली. फाशी गेलेला, भिकारी, निराधार – शास्त्राला शरीर दाखवणारे हात बहुधा असेच रिकामे होते.

हा हिशेब फिटतो तो देहदानाने. आपल्या बेळगावातच २०१० मध्ये शरीररचनेच्या एका प्राध्यापकांनी आपल्या वैद्य वडिलांच्या देहाचे, त्यांच्याच इच्छेनुसार, विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केले. सुश्रुताच्या नदीकाठच्या प्रेताला कोणी विचारले नव्हते, लूव्हाँच्या सांगाड्यालाही नाही. येथे मृताने आधी होकार दिला होता. पेशी, ऊती, अवयव असा धडा गिरवणाऱ्या मुलांना परीक्षेपुरती नावे पाठ होतील. त्यांच्या गुरुजनांनी हा होकारही एकदा सांगावा.