नळदुर्गचा पाणीमहाल

दूरच्या बेटांवर जाण्याचे बेत आखणाऱ्या आजच्या हौशी प्रवाशाला, जलसान्निध्यात विसावण्याची रसिक कल्पना आपल्या धाराशिव जिल्ह्यातच १६१३ साली दगडांत साकार झाली होती, हे आवर्जून सांगावेसे वाटते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमलात बोरी नदीवर बांध घालून नळदुर्ग किल्ला रणमंडळ या उपदुर्गाशी जोडला गेला आणि त्या बांधाच्याच पोटात कमानदार महाल घडविला गेला. नदी दुथडी भरली, की नर आणि मादी हे धबधबे धो धो कोसळू लागतात, परंतु आतल्या दालनात बसलेला मनुष्य मात्र कोरडाच राहतो! १८५३च्या तहनाम्याने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा येथील कारभार पाहणारा मेडोज टेलर नळदुर्गातच राहत असे. वाचकहो, बोरीला पाणी चढले, की एकदा अवश्य जावे.