गोळीचा वेग आणि मोजमापाचा अधिकार : क्षेपणलोलकापासून क्रोनोग्राफपर्यंत

प्रस्तावना :

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत संवेग अक्षय्यतेच्या नियमावर एक ठरलेले उदाहरण असते. दोरीने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात बंदुकीची गोळी रुतते, ठोकळा झोका घेतो आणि झोक्याच्या उंचीवरून गोळीचा वेग काढावयाचा असतो. विद्यार्थी उत्तर काढतो व पुढील उदाहरणाकडे वळतो. हे उदाहरण एके काळी ज्याचे उत्तर कोणासही ठाऊक नव्हते असा खराखुरा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तराने शंभर वर्षांची एक समजूत मोडून काढली, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. गोळीचा वेग मोजण्याच्या साधनांचा इतिहास पाहून, मोजमापाने परंपरागत ज्ञानाची जागा कशी घेतली आणि मोजमापाच्या स्वतःच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमापापूर्वीचे तोफशास्त्र :

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो, असे सिद्ध केले. दारूच्या जोराने सुटलेल्या गोळ्याला हवेच्या विरोधामुळे हा नियम तंतोतंत लागू पडणार नाही, याची जाणीव त्याला स्वतःला होती. पुढील लेखकांनी मात्र अन्वस्त उचलला आणि इशारा मागे ठेवला. हवा पातळ, गोळा जड. तेव्हा हवेचा विरोध नगण्य, असे गृहीत धरून पल्ल्याचे तक्ते तयार होऊ लागले. दारूची प्रत ठरविण्याची रीतही पल्ल्याचीच होती. लहान उखळी तोफेतून ठरावीक वजनाचा गोळा उडवावयाचा आणि तो किती दूर पडतो ते पाहावयाचे. गोळा नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग किती असतो, हे प्रत्यक्ष मोजण्याचे साधन उपलब्ध नव्हते. त्यामुळे तक्ता आणि अनुभव यांत विसंगती आली तर चूक सिद्धांताची, दारूची की तोफचीची, याचा निवाडा होऊ शकत नसे.

बेंजामिन रॉबिन्स आणि लोलक :

हा निवाडा करण्याचे साधन इंग्लंडमधील बाथ येथे १७०७ साली जन्मलेल्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने दिले. १७४१ साली वुलिच येथे स्थापन झालेल्या लष्करी अकादमीत प्राध्यापकपद मिळविण्याचा त्याचा प्रयत्न असफल ठरला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७४२ साली, त्याचा 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेला क्षेपणलोलक म्हणजेच आजच्या पाठ्यपुस्तकातील ठोकळा. गोळीचा प्रचंड वेग डोळ्यांना टिपता येत नाही. परंतु तोच संवेग शेकडो पट जड ठोकळ्याला मिळाला की गती इतकी मंद होते की ती साध्या फितीने मोजता येते. वेगवान गोष्ट मोजण्यासाठी तिला मंद करावयाचे, ही या उपकरणामागील कल्पना होय.

रॉबिन्सने पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी २५, ७५ व १२५ फूट अंतरांवरून लोलकावर मारली. त्याला वेग मिळाले ते अनुक्रमे सेकंदाला सुमारे १६७०, १५५० व १४२५ फूट. अवघ्या ५० फुटांच्या हवेत गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १२० फुटांनी घटत होता. यावरून गणित केले असता हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट येतो. नगण्य मानलेले बल वजनाच्या शंभर पटींहून अधिक निघाले. सेकंदाला १७०० फूट वेगाने ४५ अंशांत सुटलेली गोळी निर्वातात सुमारे १७ मैल जाईल. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नाही. या एका तुलनेने जुन्या तक्त्यांचा आधारच निखळला.

रॉयल सोसायटीने १७४६ साली रॉबिन्सला कोप्ली पदक दिले. थोर गणितज्ञ ऑयलर याने १७४५ साली या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत भाष्यासह प्रसिद्ध केले. ज्या वुलिचने रॉबिन्सला स्थान दिले नाही, तेथीलच प्राध्यापक चार्ल्स हटन याने १७७५ च्या सुमारास लोलकाचा उपयोग तोफेच्या गोळ्यांसाठी केला आणि त्या संशोधनाबद्दल १७७८ साली त्यालाही कोप्ली पदक मिळाले.

विजेचा काळ :

लोलकाची एक मोठी मर्यादा होती. गोळी ठोकळ्यात रुतल्यावर तिचा प्रवास संपतो, म्हणून एकाच गोळीचा वेग दोन ठिकाणी मोजता येत नाही. विद्युत्प्रवाहाच्या उपयोगाने ही अडचण दूर झाली. वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकविणारे फ्रान्सिस बॅशफोर्थ यांनी १८६५ च्या सुमारास असा क्रोनोग्राफ तयार केला की, ओळीने उभ्या केलेल्या पडद्यांतून एकच गोळा पार होताना प्रत्येक पडद्याची वेळ नोंदली जाई. वेगानुसार हवेचा विरोध कसा बदलतो, याचे तक्ते त्यातून सिद्ध झाले.

त्याच दशकात बेल्जियन तोफखान्यातील अधिकारी ल बूलांजे यांनी साधे पण चतुर उपकरण बनविले. दोन विद्युत्चुंबकांना दोन दांडे लटकत असत. गोळीने पहिल्या पडद्याची तार तोडली की लांब दांडा सुटे. दुसऱ्या पडद्याची तार तुटली की आखूड दांडा सुटून खालील चाप दाबे आणि सुरी उसळून पडत्या लांब दांड्यावर खूण करी. दांडा किती पडला यावरून गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने काळ निघे. उपकरणाचा स्वतःचा विलंब आधी मोजून तो वजा केला जाई. ही शिस्त महत्त्वाची आहे; कारण गोळीपूर्वी येथे उपकरणाचीच परीक्षा होते.

चाचणी-मैदानावरील क्रोनोग्राफ :

विसाव्या शतकात तारेची जागा प्रकाशसंवेदकांनी आणि दांड्याची जागा इलेक्ट्रॉनिक गणकाने घेतली. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत हे उपकरण सामान्य नेमबाजांच्या हाती येऊ लागले. तेथे अनेक नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. दारूचे वजन ग्रेनमध्ये, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमच्या एककात, थोडे थोडे वाढवीत जाऊन प्रत्येक भरणीच्या काही गोळ्या क्रोनोग्राफवरून झाडतात आणि वेगाची सरासरी व गोळ्यागोळ्यांतील तफावत पाहतात. अपेक्षेपेक्षा अधिक वेग दिसला तर नळीतील दाब वाढल्याचा तो इशारा असू शकतो. रॉबिन्ससाठी जो संशोधनाचा विषय होता तो येथे नेमबाजाच्या सुरक्षिततेचा प्रश्न बनतो.

मात्र पडद्यावर उमटलेला आकडा निर्विवाद नसतो. दोन संवेदकांत चार फूट अंतर असेल तर सेकंदाला २८०० फूट वेगाची गोळी ते सुमारे १.४ सहस्रांश सेकंदात पार करते. अंतरात पाव इंचाची चूक झाली तर वेगात सुमारे १५ फुटांचा फरक पडतो. प्रकाश बदलला, नळीच्या तोंडाचा धक्का संवेदकापर्यंत पोहोचला, तर नोंद बिघडते. उपकरण नळीपासून काही फूट पुढे असल्याने मिळणारा वेग मुखवेगापेक्षा थोडा कमी असतो. तीन गोळ्यांचे वेग जुळले म्हणजे भरणी एकसारखी आहे असेही नाही. तो योगायोग असू शकतो. शिवाय वेग म्हणजे दाब नव्हे. दोन निरनिराळ्या दारूंनी सारखाच वेग दिला तरी नळीतील कमाल दाब वेगळा असू शकतो. एकविसाव्या शतकात आलेल्या रडारवर चालणाऱ्या लहान उपकरणांनी प्रकाशाची अडचण दूर केली. अपुऱ्या नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याची मानवी सवय त्यांनी दूर केलेली नाही.

भारताशी असलेला संबंध :

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशात येतो. १७४६ साली फ्रेंचांनी जिंकलेले मद्रास १७४९ साली इंग्रजांना परत मिळाले. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी रॉबिन्सला मुख्य अभियंता म्हणून पाठविले. तो १७५० साली येथे आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने मरण पावला. हवेचा विरोध मोजणारा गणितज्ञ एका व्यापारी कंपनीच्या सत्तेची तटबंदी उभारताना निवर्तला, ही घटना बोलकी आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली निघालेला दारूगोळ्याचा कारखाना आणि ओरिसाच्या किनाऱ्यावर १८९५ साली स्थापन झालेले चाचणी केंद्र यांकडेही याच संदर्भात पाहावे लागते. मोजमापाचे शास्त्र तटस्थ असले तरी त्याचे आश्रयदाते तटस्थ नव्हते.

निष्कर्ष :

गोळीचा वेग मोजता येऊ लागल्यावर तोफशास्त्रातील अधिकार तक्त्याकडून आणि अनुभवी तोफचीकडून प्रयोगाकडे गेला. परंतु हा अधिकार आकड्याचा नसून आकडा तपासण्याच्या पद्धतीचा आहे. रॉबिन्सने अंतर बदलून पाहिले, ल बूलांजेने उपकरणाचा विलंब वजा केला. आजच्या नेमबाजालाही पुरेशा गोळ्या झाडून तफावत तपासावीच लागते. जेथे ही तपासणी थांबते, तेथे क्रोनोग्राफचा आकडाही जुन्या तक्त्याइतकाच अंधविश्वासाचा विषय होतो. म्हणूनच क्षेपणलोलकाचे उदाहरण शिकविताना सूत्राबरोबर हा इतिहासही सांगितला जावा आणि त्यासाठी पदार्थविज्ञान व इतिहास या विभागांनी एकत्र यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उत्तर कसे काढावे हे विद्यार्थी शिकतोच. त्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, हे शिकविण्याची जबाबदारी आपली आहे.