मुदतीचे गुरू

परदेशात नोकरीला जाणारा मनुष्य सामान्यतः दोन चिंता बरोबर घेऊन निघतो. ते काम आपल्याला साधेल काय, ही पहिली. आणि साधलेली जागा टिकेल काय, ही दुसरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये नोकरीला गेलेल्या युरोपीय आणि अमेरिकन माणसांच्या बाबतीत या दोन चिंतांचे नाते मोठे विलक्षण होते. काम जितके उत्तम साधेल, तितकी जागा लवकर जाणार, असाच तेथील व्यवहार होता. जपानच्या नवनिर्मितीचे रहस्य पुष्कळ अंशी या व्यवहारात साठवलेले आहे.

१८६८ साली शोगुनांची सत्ता संपली आणि सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे सरकार अधिकारावर आले. त्याच वर्षी घोषित झालेल्या पाच कलमांच्या प्रतिज्ञेत, ज्ञान जगभरातून मिळवावे, असे शेवटचे कलम होते. त्यामागे निव्वळ जिज्ञासा नव्हती. १८५८ च्या तहांनी परकीयांना जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले होते आणि जकातीचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य जपानकडून काढून घेतले होते. शेजारच्या चीनची अवस्था डोळ्यांसमोर होती. परकीयांची विद्या तर हवी, परंतु त्या विद्येबरोबर त्यांचे राज्य नको, असा हा पेच होता. नव्या सरकारने त्यावर सरळ उपाय काढला. विद्या पगार देऊन आणावयाची, मुदत ठरवून घ्यावयाची, आणि मुदत संपताच गुरूला मानाने निरोप द्यावयाचा. अशा लोकांना 'ओयातोइ गाइकोकुजिन', म्हणजे नोकरीवर ठेवलेले परदेशी, असे म्हणत. १८७४-७५ च्या सुमारास एकट्या सरकारच्याच पदरी असे सुमारे पाचशे लोक होते.

पगाराच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला नाही. ओसाका येथील टांकसाळीचा इंग्रज प्रमुख किंडर याला दरमहा १,०४५ येन मिळत. त्याच काळी राज्याचे मुख्य मंत्री सांजो सानेतोमी यांचे वेतन ८०० येन होते. मंत्र्याहून नोकराचा पगार अधिक! परंतु नोकर तो नोकरच. त्याचे काम, त्याची मुदत आणि त्याचा वरिष्ठ हे सारे करारनाम्याने बांधलेले असे.

अशा नोकरीचा पहिला दिवस कसा उगवत असेल, याची कल्पना विल्यम ग्रिफिस या तरुण अमेरिकन शिक्षकाच्या हकिकतीवरून येते. अमेरिकेतील रटगर्स महाविद्यालयात कुसाकाबे तारो नावाचा जपानी विद्यार्थी त्याच्यापाशी लॅटिन शिकत असे. १८७० साली हा बुद्धिमान तरुण क्षयाने परदेशातच वारला. त्याच्याच फुकुइ संस्थानाने पुढे ग्रिफिसला रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी बोलावले. १८७१ च्या मार्च महिन्यात तो फुकुइला पोहोचला. तहाने खुल्या झालेल्या बंदरांत परदेशी लोकांची वस्ती होती, युरोपीय दुकाने होती. फुकुइ त्या वस्तीपासून दूर, आडवाटेला होते. वर्गात समोर बसत ते कालपर्यंत तलवार हेच जीवन मानणारे सामुराई कुळांतील तरुण. ग्रिफिस नव्या जागी रुळू लागतो न लागतो, तोच त्याला नेमणारे संस्थानच नाहीसे झाले! त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सम्राटाच्या आज्ञेने सारी संस्थाने खालसा झाली. १ ऑक्टोबर १८७१ रोजी फुकुइच्या अधिपतीने किल्ल्यात आपल्या सामुराईंना जमवून त्यांचा निरोप घेतला, तो प्रसंग ग्रिफिसने पाहिला. पुढील जानेवारीत तोही तोक्योला निघून गेला.

भारतीयांना विशेष विचार करावयास लावणारी कथा रिचर्ड व्हायकर्स बॉइल या रेल्वे इंजिनीयरची आहे. १८५७ साली बिहारमधील आरा येथे बंडखोर शिपाई आणि कुंवरसिंहांचे सैन्य यांनी ज्या लहानशा इमारतीला वेढा घातला, ती आधीच तटबंदी करून लढण्याजोगी ठेवणारा मनुष्य हाच. पुढे १८७२ ते १८७७ या काळात तो जपानी रेल्वेचा मुख्य इंजिनीयर होता. मनुष्य तोच, विद्याही तीच. बदलले होते ते त्याचे स्थान. हिंदुस्थानात तो राज्यकर्त्यांच्या बाजूचा होता. जपानमध्ये तो एका जपानी खात्याचा मुदतीचा नोकर होता. त्या रेल्वेचे जनक मानले गेलेले इनोउए मासारु स्वतः लंडनमध्ये शिकून आलेले होते. त्यांनी १८७७ साली ओसाका येथे जपानी तरुणांना हे काम शिकवण्याची सोय केली. क्योतो आणि ओत्सु यांच्या दरम्यानचा डोंगर फोडून केलेला बोगदा १८८० साली पुरा झाला, तेव्हा त्यावर परदेशी इंजिनीयर नव्हता.

येथे एक तुलना टाळता येत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली. शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली आगगाडी १८७२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. म्हणजे भारत एकोणीस वर्षे पुढे होता. परंतु भारतीय रेल्वेतील वरिष्ठ जागा दीर्घकाळ इंग्रजांकडेच राहिल्या. यात बुद्धीचा प्रश्न नव्हता. करारनाम्यावर मालक म्हणून कोणाची सही आहे, हा प्रश्न होता.

विद्येचे हे हस्तांतर सर्वांत नेटकेपणाने झाले ते तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८७३ साली हेन्री डायर हा स्कॉटिश तरुण तेथे मुख्य म्हणून रुजू झाला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याने आखलेल्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवलेली होती. तेथून १८८३ साली बाहेर पडलेल्या तानाबे साकुरो याने बिवा सरोवराचे पाणी क्योतोला आणणारा कालवा १८९० साली पुरा केला. डायर त्यापूर्वीच, १८८२ साली, मायदेशी परतला होता.

जाणाऱ्या गुरूला या व्यवस्थेचा काटा बोचत नसे, असे मात्र नाही. लाफ्काडियो हर्न हा लेखक १८९० साली मात्सुए येथे इंग्रजीचा शिक्षक झाला, जपानी पत्नी करून कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिकही झाला, आणि तोक्योच्या विद्यापीठात शिकवू लागला. १९०३ साली त्याची ती जागा गेली. त्याच्या ठिकाणी आलेल्यांत लंडनहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते. पुढील वर्षी हर्न वारला. देश आपला मानला, तरी जागा आपली होत नाही, हे दुःख त्याच्या वाट्याला आले.

जोसाया काँडर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचे मन निराळे होते. १८७७ साली तो डायरच्या महाविद्यालयात शिकवण्यास आला. त्याच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी तात्सुनो किंगो याला पुढील शिक्षणासाठी लंडनला पाठवण्यात आले, आणि १८८४ साली गुरूच्याच जागी त्याची नेमणूक झाली. काँडर जपान सोडून गेला नाही. त्याने तोक्योत स्वतंत्र व्यवसाय मांडला, जपानी चित्रकाराजवळ बसून चित्रकला शिकली, जपानी स्त्रीशी संसार केला आणि १९२० साली त्याच शहरात देह ठेवला. १९१४ साली तोक्योचे भव्य मध्यवर्ती रेल्वे स्थानक उघडले, तेव्हा तो तेथेच राहत होता. त्या स्थानकाचा आराखडा तात्सुनोचा होता.