परसात पक्षी हवेत? दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचे

गोंदिया जिल्ह्यात पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी वेगळे निमित्त लागत नाही. जिल्हा धानाचा, शहर भाताच्या गिरण्यांचे. मूठभर धान किंवा तांदळाची कणी कोणत्याही घरात निघते. मात्र गच्चीवर वा परसात वर्षानुवर्षे दाणे टाकूनही येणारे पाहुणे तेच ते असतात. चिमण्या, होले, साळुंक्या आणि त्या सर्वांना हुसकावणारी कबुतरे.

नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आणि जुने मालगुजारी तलाव लाभलेल्या या जिल्ह्यात पक्ष्यांची वाण नाही. अडचण खाद्याची आहे. बुलबुल, तांबट, कोकीळ यांची भिस्त मुख्यतः फळांवर. दयाळ, शिंपी, नाचण यांची कीटकांवर. शिंजिराची फुलांतील मधावर. हिवाळ्यात अंगणात शेपटी थरथरवत वावरणारा थरथरा दाण्याला चोचही लावत नाही. एवढेच काय, चिमणीही आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. म्हणजे दाण्यांची रास वाढवून संख्या वाढेल, विविधता नव्हे.

विविधता वाढवणारी पहिली वस्तू म्हणजे पाणी. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दाण्याकडे ढुंकूनही न पाहणारे पक्षी पाण्यावर उतरतात. त्यासाठी मातीचे उथळ परळ उत्तम. पाणी २-३ सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे, मध्ये एखादा खडबडीत दगड ठेवावा. लहान पक्षी निसरड्या काठावर बसत नाहीत. परळ सावलीत, झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावे. अगदी झुडपाला खेटून ठेवले तर मांजराची सोय होते. पाणी रोज बदलणे आणि परळ घासणे यात मात्र सूट नाही. ब्रिटनमध्ये २००५ नंतर बागांतील खाद्यपात्रे आणि पाण्याच्या भांड्यांतून पसरलेल्या परजीवी रोगाने ग्रीनफिंच हा एके काळचा सर्वसामान्य पक्षी इतका घटला, की २०२१ मध्ये त्याचा समावेश चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत करावा लागला. पक्ष्यांवरील प्रेमानेच ही वेळ आणली, हे विसरता येत नाही.

दाणे द्यायचेच असतील तर ते जमिनीवर पसरू नयेत. धानाच्या लोंब्यांची जुडी वळचणीला टांगावी. शेजारच्या छत्तीसगडमध्ये अशा लोंब्यांच्या झालरी विणून दाराशी लावण्याची जुनी रीत आहे. हलत्या लोंबीला लटकून दाणे टिपणे चिमणीला आणि मुनियेला जमते. जड अंगाच्या कबुतराला ते साधत नाही. पिकलेली पपई, केळे किंवा पेरूची फोड सकाळी फांदीत खोचून दुपारी काढून टाकावी, म्हणजे बुलबुल येतात आणि मुंग्या येत नाहीत. पाव, फरसाण, तळलेले पदार्थ आणि आंबलेला भात मुळीच नको.

यापलीकडचे काम झाडांचे. जास्वंद आणि शेवगा फुलला की शिंजीर येतो. कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात. सदनिकेत राहणाऱ्यांनाही कुंडीतील जास्वंद पुरते. परसाच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा तसाच राहू द्यावा. तो उलथापालथा करण्यासाठी सातभाईंचे कलकलते टोळके हमखास येते. कीटकनाशक फवारलेल्या स्वच्छ, गुळगुळीत बागेत दयाळाला काही मिळत नाही.

पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवून परसाची शोभा वाढवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. जिल्ह्याचे भूषण असलेला सारस मात्र परसात यायचा नाही. त्याला धानाची बांधी आणि तलावाचा काठच हवा.

आलेला पक्षी ओळखण्यासाठी मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' उपयोगी पडतो. २०२५ मध्ये निधन पावलेल्या चितमपल्ली यांच्या वनखात्यातील नोकरीची बरीच वर्षे याच जिल्ह्यातील नवेगाव बांध येथे गेली.

झाडे लावण्यास पावसाळ्याचा आरंभ योग्य. तुतीची फांदी सहज जगते आणि दोन-तीन वर्षांत फळू लागते. उंबराला बराच अधिक काळ लागतो, आणि त्याची जागा घराच्या भिंतीपासून व विहिरीपासून दूर निवडावी लागते.