आण्याचे किती पैसे?

जून १९५७. बार्शी टाऊन स्टेशन. तुमचं वय वीस. कानाला पेन्सिल, खांद्यावर तुरीच्या पोत्यांची धूळ. आडतीवर तुम्ही दिवाणजींच्या हाताखाली काम करता आणि आज मालाची पावती घ्यायला आला आहात. मृगाचा पाऊस रात्री पडून गेलाय. स्टेशनाबाहेर बैलगाड्यांची चाकं चिखलात रुतलीत आणि गाडीवानांच्या शिव्या ऐकून कुणी वळूनही बघत नाही.

लातूरची गाडी येते. रूळ अडीच फुटी, डबे बुटके. 'गाडी कसली, खेळणं!' असं परगावचा माणूस म्हणतो; इथला म्हणत नाही. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून इथवर आली, १९५४ साली सरकारी झाली. लोकांच्या तोंडी अजून ती 'बार्शी लाइट'च आहे.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक पत्र्याची ट्रंक उतरते, मग वळकटी, मग ती. हमालाशी तिची लगेच जुंपते. तो तीन आणे मागतोय, तिच्या मुठीत नवी नाणी आहेत. एक एप्रिलपासून सगळ्या बाजारात हाच गोंधळ आहे. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले, पण माणसं अजून आण्यातच मोजतात. त्यात नवा पाच पैशांचा चौकोनी, जुना दोन आण्याचाही चौकोनीच.

तुम्ही मधे पडता. आडतीच्या भिंतीवरचा तक्ता तुम्हाला तोंडपाठ आहे.

"एक आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. एकोणीस द्या, बाई."

"तीनला एकोणीस कसे? सहा त्रिक अठरा."

"आण्याचे खरे सव्वासहा होतात. पाव पैसा सोडून देतात. तीन आण्यांत पाऊण साठतो, म्हणून एक धरायचा."

ती एकोणीस पैसे मोजून देते, पण हमालाकडे बघत नाही. तुमच्याकडे बघते. तुमच्या उजव्या भुवईवरची ती खूण. चिंचेवरून पडलात, त्या दिवशीची.

"गणित सुधारलं की रे तुझं," ती म्हणते.

तुमच्या तोंडून काही निघत नाही. कारण तुम्ही इथं नाहीच आहात आता.

तुम्ही अकरा वर्षांचे आहात. १९४८चा पावसाळा. पांगरीच्या पुढं निजामाची हद्द लागते आणि हद्दीपलीकडून रोज बिऱ्हाडं येतायत. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेली माणसं. कुणी धर्मशाळेत, कुणी नातलगांच्या ओसरीवर. तुमच्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्यांत मुरूडचं एक कुटुंब उतरलंय. त्यांच्यातली एक मुलगी तुमच्याच वर्गात बसते. पाढे तुमच्याहून भराभर म्हणते, म्हणून पहिले आठ दिवस तुम्ही तिच्याशी बोलत नाही. नवव्या दिवशी दोघं चिंचेवर असता.

एकदा शेंगदाण्याच्या पुडीसाठी तुम्हाला आणा हवा असतो. ती परकराच्या गाठीतून काढून देते. नाण्यावर उर्दू अक्षरं. दुकानदार ते उलटसुलट करतो. "हाली आहे. कलदारचा भाव नाही मिळायचा." निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इकडचे सहा कलदार, हे बार्शीच्या पोरांनाही ठाऊक असतं. पुडी जरा लहान मिळते. निम्मे शेंगदाणे ती खाते.

"आणा कधी देशील?"

"उद्या."

उद्या, उद्या करत सप्टेंबर उजाडतो. तेरा तारखेला भारताचं सैन्य हद्द ओलांडतं, सतराला निजाम शरण येतो. गावात पेढे वाटतात. थोड्याच दिवसांत मागच्या दोन खोल्या रिकाम्या होतात. तुम्ही शाळेतून येता तेव्हा चुलीतली राख गार झालेली असते. आणा तुमच्या मुठीत असतो, कलदार, आईकडून मागून आणलेला.

इंजिनाची शिट्टी होते. पुन्हा १९५७.

"मुलींच्या शाळेत लागलेय," ती सांगते. "परवापासून वर्ग." मागच्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. पांगरीपुढची ती हद्द आता कुणाला दाखवताही येणार नाही. मुरूडची मास्तरीण बार्शीला येते, तर ती एका राज्यातून त्याच राज्यात येते.

तुम्ही खिशात हात घालता. एक चौकोनी पाच, एक तांबूस एक पैसा. तिच्यापुढं धरता.

"हे काय?"

"तुमचा आणा."

"'तुमचा' काय? चिंचेवर असताना तू म्हणायचास."

"...तुझा आणा."

ती नाणी घेते, पण मुठीत बंद करत नाही. ओठ हलतात, तोंडी हिशेब चाललाय. "माझा आणा हाली होता. त्याचे होतात पाच आणि वर थोडं. तू दिलेस सहा. म्हणजे अर्ध्या पैशाहून जास्त माझ्याकडंच निघतो."

"निम्मे शेंगदाणेही तूच खाल्लेस."

"ते व्याज. व्याज आधीच घेतलं होतं." मग ती वळकटी काखेत मारते. "अर्ध्या पैशाचं नाणं मिळालं की देईन."

नव्या पैशांत अर्ध्याचं नाणं निघालेलंच नाही. तुम्ही दिवसभर नाणीच मोजता, तुम्हाला हे पक्कं माहीत आहे. तिला माहीत नसेल असं वाटत नाही. तुम्ही ट्रंक उचलता. मालाची पावती खिडकीवरच राहून जाते.

रात्री आडतीवर कंदिलाच्या उजेडात कीर्द लिहिताना दिवाणजी तुमच्या खांद्यावरून डोकावतात. हिशेबाच्या चोपडीत नव्हे, तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर तुम्ही एक ओळ लिहिली आहे: येणे, अर्धा पैसा.

"सोडून दे की," ते म्हणतात. "असल्या बाकीपायी कुणी शाई खर्च करतं का? पार्टी कुठली?"

"मुरूडची. आता इथंच राहायला आलीय."

दिवाणजी चष्मा नाकावर खाली घेतात, कागदाकडे बघतात, मग तुमच्याकडे.

"मग वसुलीची घाई करू नकोस," ते म्हणतात, आणि कंदिलाची वात थोडी कमी करतात.