सोनाराची पोढी

आमचं कल्याणात तीन पिढ्यांचं सोनारकाम. त्यामुळे बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत गेलो की माझे पाय आधी पाण्याच्या टाक्यांकडे वळतात. त्यांतलं एक टाकं कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिल्याचं तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलंय. लेख सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा. टाक्याला त्यात शब्द आहे ‘पोढी’. कल्याणच्याच एका लोहाराने इथे वाट करून दिली, असंही दुसरा लेख सांगतो.

काही बिनसलं की आजी कपाळावर हात मारून म्हणायची, “कर्म माझं!” बुद्धाच्या लेखी मात्र कर्म कपाळावर नसतं, ते चेतनेत, म्हणजे हेतूत असतं. कातळातल्या पन्हळींतून पावसाचं पाणी टाक्यात उतरायचं आणि उन्हाळ्यात कुणा अनोळखी भिक्षूची तहान भागायची. सामिदताचं कर्म ते हेच. रोजचं, ओंजळीत मावणारं.

गिऱ्हाइकाचं सोनं तोलताना काटा स्थिरावेपर्यंत हल्ली मी हात पार मागे घेतो. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते खोटं नाही.