फोटोखाली नाव कोणाचे?

इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड काढले. त्यांतल्या फोटोंखाली बहुधा जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. १९७७ साली जपानच्या कोनिकाने आपोआप फोकस होणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. पुढे अशा कॅमेऱ्यांमुळे आपली माणसे आपल्याच नजरेने टिपली जाऊ लागली. आज हौशी लोक हे कॅमेरे जमवतात, रोल घालून वापरतातही. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी मात्र घरोघरच्या पेट्यांतले जयंतीचे, लग्नाचे फोटो आणि निगेटिव्हही जमवाव्यात. ओलीने निगेटिव्हला बुरशी धरते. प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावे. नाहीतर आपल्याच घरात आपण पुन्हा निनावी नमुने ठरू.